आंदणाचं झाड

साखरशेत, ता. जव्हार
१८ मार्च २०२५

प्रिय भिका यास पंढरीचा स.न.वि.वि.

फोन कर म्हणाला होतास. पण रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि धापा टाकत बोललेलं तुला अर्धं कळतं, अर्धं तू आपल्या मनाने घालतोस. त्यापेक्षा पत्र बरं. हरेश उद्या सकाळच्या गाडीने ठाण्याला निघालाय, त्याच्या हाती देतो.

आजोबा, चैतीचं बाळ काचेच्या पेटीतून बाहेर काढलं का? सुकीवहिनीला म्हणावं, घरची काळजी करू नका. कोंबड्या प्रमिला बघते. तुमचा कोंबडा मात्र आमच्या कोंबड्याला जगू देत नाही. मालकाचा गुण.

तुझा भातरोपाचा राब काल भाजला. तुझ्या भाषेत "झाला". पण तू मला काम सांगतोस ते नुसतं "झाला" ऐकायला नव्हे, म्हणून कसा झाला ते लिहितो. आधी शेण पसरलं, त्यावर पाल्याचा टहाळ, त्यावर गवत, आणि वर बारीक माती, सगळीकडे सारखी, हाताने चाळून. तू माती ढेकळांसकट टाकतोस, म्हणून तुझा राब एकीकडे कोळसा आणि एकीकडे कच्चा राहतो, आणि मग रोपं टकल्याच्या डोक्यासारखी येतात. पेटवला वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग पळत नाही, चालत येते. त्याआधी बांधावरचा सगळा पालापाचोळा दाताळ्याने ओढून एका जागी नीट रचून ठेवला. दरवर्षी राब भाजला की तुझा बांध काळा होतो. यंदा बांधाला झळ नाही. येऊन बघ, शेतकी खात्याच्या साहेबाला दाखवावा असा राब आहे. चौथी शिकलेल्या माणसाने भाजलाय हे त्याला सांगू नकोस म्हणजे झालं.

होळी झाली आणि लगेच तुम्हाला जावं लागलं, तेव्हा तू संकोचत विचारलंस की माझं एवढं काम करशील का. असं विचारायचं नसतं. घरचा समजतोस तसाच समज, आणि बाळाचं कळव.

तुझा,
पंढरी


साखरशेत
२२ मार्च २०२५

प्रिय भिका, स.न.वि.वि.

हे पत्र लिहायला घेतलं आणि ठेवलं, असं दोनदा झालं. वाईट बातमी आहे. माणसांपैकी कुणाला काही नाही, हे आधी लिहितो.

बांधावरचा मोह पडला. तुझ्या वडिलांनी कमूताईला लग्नात आंदण दिलेला, तोच. परवा दुपारी मी तुझ्या विहिरीवर होतो. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. भिंत खचावी तसा आवाज झाला. जाऊन बघतो तर झाड आडवं, आणि बुंधा आतून निखाऱ्यासारखा लाल. खाली ढोली होती ते तुला माहीत आहेच. विस्तव तिच्यातून आत शिरून धुमसत राहिला असणार. बाहेर धूर दिसला नाही. दिसला असेल तर राबाचा म्हणून सोडून दिला असेल. कमूताईचं झाड सगळ्यांच्या मागून गळतं. फांद्यांवर कळे अजून मिटलेले होते.

विस्तव कुठून आला हे सांगता येत नाही. राबावर पाणी मारून, हात लावून, मगच मी घरी गेलो होतो. राब भाजला त्या दुपारी पाड्यावरचा लाडक्या आपल्या शेळ्या घेऊन मोहाखाली बसला होता, एवढं मी पाहिलं. तो बसला की बिडी आलीच. मी कुणाचं नाव घेत नाही. पाहिलं ते लिहिलं.

राब चांगला झालाय. पण आता ते लिहायला बरं वाटत नाही.

आहे तसा,
पंढरी


कळवा, ठाणे
२५ मार्च २०२५

मित्र पंढरी यास भिकाचा नमस्कार.

हरेश परत निघाला, म्हणून त्याला दारात उभा करून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. बाळ पेटीतून बाहेर आलं. आईचं दूध घेतं. सुकी म्हणते नाक माझ्यावर गेलं, तेवढं सोडून सगळं छान.

झाडाचं वाचून सुकीने डोळ्याला पदर लावला. मलाही कसंसंच झालं. बाने ते झाड कमूला देताना मी लहान होतो, रुसलो होतो, त्याच्यावर माझा झोका होता म्हणून. पण तू असं पडल्या तोंडाने लिहू नकोस. काम माझं होतं. तू माझ्यासाठी आगीपुढे उभा राहिलास. ज्याच्या कामाला माणूस गेला, नुकसान त्याच्या दारात, ही आपल्यातली रीत आहे. माझं छप्पर शाकारायला आलेल्यांनी आत्याचा रांजण फोडला, तेव्हा रांजण कुणी दिला? मी दिला. तसं हे. विहिरीजवळचा मोह मी कमूच्या नावाने सोडतो.

लाडक्याचं लिहिलंस ते बरं केलंस. त्याच्या बिडीने गेलं असेल तर गोष्ट वेगळी होते. मी पाड्यावरच्या जाणत्या माणसांना फोन केला. तू लिहिलंस म्हटल्यावर कुणी दुसरं विचारलंच नाही. पंढरी लिहितो ते मोजूनच, असं म्हणाले. लाडक्याने कमूला एक बोकड द्यावा असं ठरतंय. त्याला विचारलं तर तोही नाही म्हणाला नाही.

कमूला तू कळव. माझा फोन गेला की ती नुसती हूं हूं करते, मला पुढे बोलवत नाही. तुझ्या पत्राने नीट कळेल.

जेवून घेत जा. तोंड पाडून बसू नकोस.

तुझा भिका


साखरशेत
२७ मार्च २०२५

तीर्थस्वरूप कमूताई यांस पंढरीचा सा.न.वि.वि.

आपण सर्व मंडळी दाभोशाला क्षेम असाल. आपणांस एक खेदाची बातमी कळवावी लागत आहे. भिकाच्या बांधावरील आपला मोह दिनांक २० रोजी आतून जळून पडला. विस्तव ढोलीत शिरला असे दिसते. त्याबद्दल पाड्यावरच्या लोकांचे जे ठरत आहे ते भिका आपणांस सांगेलच.

भिकाने विहिरीजवळचे झाड आपल्या नावाने सोडण्याचे ठरविले आहे. काम मी करत होतो, म्हणून माझीही काही जबाबदारी येते असे मी मानतो. आमच्या घरामागचा मोह आपण पाहिला आहे. फूल मोठे आणि गोड आहे. तो मी आपणांस देत आहे. यंदापासून आपण तिथे वेचावे. यात उपकार नाही.

आपण पाडव्यानंतर येता, तसे यावे ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पंढरी


दाभोसा
३० मार्च २०२५, पाडवा

चि. पंढरी यास कमूताईचा आशीर्वाद.

मी हर्षदा, त्यांची सून, लिहिते आहे. आई सांगतील तसंच लिहायचं, मधे सुधारायचं नाही, अशी ताकीद आहे.

पंढरी, तू मला आपण-आपणांस कधीपासून म्हणायला लागलास? नाकाला शेंबूड होता तेव्हा माझ्या पदराला पुसायचास. पत्र हर्षदाने वाचलं तेव्हा मला वाटलं तहसीलदाराचं आलं, जमीन जाते की काय.

झाड गेलं ते ऐकलं. चुलीपाशी जाऊन भाकरी केल्या. एक करपली.

आता तुम्हा दोघांच्या दानाचं. भिका विहिरीवरचं झाड देतो म्हणतो. ते झाड कोण वेचतं? सुकी. तू घरामागचं देतोस. ते कोण वेचतं? प्रमिला. चांदणी असताना उठून, वाकून वाकून कंबर धरते ती प्रमिला. तिला विचारलंस का? नसशीलच विचारलं. भिकाने पण सुकीला विचारलं नसणार. पुरुषाने मोठ्या मनाने द्यायचं आणि बाईच्या टोपलीतून जायचं, असलं दान मला नको. तुमचं स्वतःचं काय आहे ते द्या, नाहीतर गप्प बसा.

फुलांचं मला एवढं नाही. आमच्या दाभोशात मोह काय कमी आहेत? पण ते झाड होतं म्हणून मला माहेरी कुणी बोलवावं लागत नव्हतं. बा गेला, आई गेली, तरी फुलं गळायच्या वेळेला मी टोपली घेऊन जीपमध्ये बसायचे. आले कशाला, असं कुणी विचारलं नाही. माझं झाड, मी आले. आता काय म्हणून येऊ? पाहुणी म्हणून? मी यंदा येत नाही. पुढेही काय ते बघू.

लाडक्याचा बोकड आला तर मी बांधून घेईन. नको नको म्हणणार नाही. माझं झाड जाळलं त्याने. गरीब आहे ते मला माहीत आहे. पण बसायला, बिडी ओढायला माझंच झाड मिळालं का त्याला?

सांगून दमले. तुझ्या पोरांना आशीर्वाद. प्रमिलाला माझा राम राम.

कमूताई
(सांगितल्याप्रमाणे लिहिलं. हर्षदा)


साखरशेत
३ एप्रिल २०२५

कमूताईस पंढरीचा साष्टांग नमस्कार.

ताई, "आपण" सोडून "तू" लिहितो. "आपण"च्या आड उभं राहून खोटं लिहिणं सोपं जात होतं.

काल लाडक्या आला. दोरीला बोकड, अंगात धुतलेला सदरा. त्याला लिहिता येत नाही. मला म्हणाला, पंढरीदादा, तुझ्याइतकं नीट या पाड्यात कुणी लिहीत नाही, कमूबायला माझ्या नावाने एक माफीचं पत्र लिहून दे, बोकडाबरोबर नेतो. मी कागद घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मी बिडी विझवली होती असं मला वाटतं, तो म्हणाला, पण पंढरीदादाने पाहिलं म्हणतात, आणि तो काही चुकीचं लिहायचा नाही, म्हणजे माझीच असणार. हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं, ताई. अक्षर वळणदार आलं. खाली त्याचा अंगठा घ्यायला शाईची गादी पुढे केली आणि त्याने अंगठा पुढे केला, तेव्हा माझ्याने तो धरवला नाही.

झाड मी जाळलं.

राब भाजायच्या आधी बांधावरचा पाला मी ओढला. तो कुठे ठेवावा म्हणून पाहिलं, तर तुझ्या मोहाच्या ढोलीपाशी आडोसा होता. वारा लागणार नाही, उडणार नाही. म्हणून तिथे रचला, ढोलीच्या तोंडाशी, कडा सारख्या करून. इतका नीट दिसला की मी मागे सरून पाहिला. भिकाला लिहिताना "एका जागी" लिहिलं. कुठल्या ते लिहिलं नाही, तेव्हा तसं लपवायचं मनातही नव्हतं. ठिणगी राबातूनच आली असणार. मी बांध जपत बसलो आणि तिला बसायला जागा मीच करून ठेवली.

एवढंच असतं तर अपघात म्हणता आला असता. पण दुसऱ्या दिवशी भिकाचं पत्र हरेशकडे देऊन परत येताना मी बांधावरून आलो. ढीग जागेवर नव्हता. राख होती. तेव्हा ढोलीत वाकून बघायला हवं होतं. विहीर तिथून हाकेवर आहे, दोन हंडे ओतले असते तर झाड आज उभं असतं. पण पाणी वाहून नेताना कुणी पाहिलं असतं, विचारलं असतं काय झालं, आणि बांधाला झळ नाही असं मी नुकतंच लिहून दिलं होतं. मी पायाने राखेवर माती ओढली आणि घरी आलो. वाटेत लाडक्या भेटला, त्याला राम राम केला.

नंतर त्याचं नाव लिहिलं. नाव घेत नाही असं म्हणत लिहिलं. ते सगळ्यात वाईट.

काल लाडक्याला हे सगळं समोर बसवून सांगितलं. त्याच्यासाठी लिहिलेला कागद त्याच्या देखत फाडला. तो मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोकडाच्या मानेवरच्या गोचिडी काढत बसला. मग म्हणाला, मग मी इतके दिवस बिडी सोडलीय ती कशासाठी? झाड जळालं ऐकलं त्या दिवसापासून त्याने ओढली नव्हती. म्हणाला, ते कोण भरून देणार? दुकानातून बंडल आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उचललं नाही. बोकड घेऊन गेला.

संध्याकाळी जाणत्या माणसांपुढे उभा राहून सांगितलं. कुणी रागावलं नाही. इकडे तिकडे बघत राहिले. पाड्यातली माणसं मला अर्ज लिहायला, पाण्याची मोटार बघायला बोलावतात. आज सकाळी कुणी आलं नाही.

प्रमिलाला झाडाबद्दल विचारलं नव्हतं, हे तू ओळखलंस. आता सांगितलं. तिने काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. जेवण मात्र वाढलं.

माझं स्वतःचं काय आहे ते दे, असं तू म्हणालीस. मी रात्रंदिवस विचार करतोय. हात आहेत आणि थोडं लिहिता येतं. लिहिण्याचं काय केलं ते तू बघितलंसच. तू सांगशील ते करीन. आशीर्वाद मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

पंढरी

ता.क. भिकालाही असंच सगळं लिहिलं आहे.


कळवा, ठाणे
६ एप्रिल २०२५

पंढरी,

पत्र मिळालं. तुझं पहिलं पत्र मी दवाखान्यात जावयाला वाचून दाखवलं होतं. माती चाळून टाकली, आग चालत आली, ते सगळं. म्हटलं बघा, आमच्याकडे मित्राचं काम असं करतात. आता तो रोज विचारतो, तुमचा मित्र कसा आहे. मी सांगतो, बरा आहे.

झाड माझ्या कामात गेलं. ते मी आधी म्हणालो तसं माझ्यावर. चुकून गेलं, पाला कुठे ठेवलास त्याचा हिशेब मी तुझ्याकडे मागत नाही. माझं काम होतं, मी असतो तर मीही तिथेच टाकला असता, आणि इतका नीट रचलाही नसता. पण लाडक्याचं नाव माझ्या कामात नव्हतं. ते तू तुझं तू केलंस. ते मी माझ्या दारात घेणार नाही. ते तुझ्याकडेच.

सुकीला विचारलं. ती म्हणाली, झाड देऊन टाकायला मोठे आलेत, कमूताई माझ्याबरोबर वेचेल, ते आम्ही दोघी बघू, तुम्ही मधे बोलू नका. तेव्हा मी मधे बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात येतो. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. घरी मी येईन तुझ्याकडे. एकदोन दिवसांनी येईन, लगेच नाही.

भिका


दाभोसा
७ एप्रिल २०२५

चि. पंढरी यास,

हर्षदाने पत्र वाचलं. मधे ती थांबली, तिला म्हटलं वाच. दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही.

मी लाडक्याला मनात काय काय बोलले ते तुला सांगत नाही. ते तुझ्या नावावर आहे हे ध्यानात ठेव. बोकड मी बांधून घेणार होते. माझ्या दाराशी त्याचा बोकड ओरडत असता आणि खरं मागून कळलं असतं, तर मला काय वाटलं असतं?

झाड कुणी भरून देत नाही. तू शंभर रोपं लावशील, मोजून, ओळीत. लाव. मी काही तोवर बसत नाही.

तुझं काय आहे ते सांगते. पाय आहेत. बोलवायला झाड होतं, ते तू पाडलंस, तर आता बोलवायला तू ये. दरवर्षी. मुऱ्हाळी होऊन, लेकीला न्यायला येतात तसा. पत्र नाही, फोन नाही, माणूस पाठवायचा नाही. दाभोशाच्या रस्त्यावर उतरून माझ्या घरापर्यंत चालत यायचं. आमच्याकडची माणसं विचारतील, हा कोण, भाऊ तर भिका आहे, हा कशाला आला? तेव्हा का आलास ते त्यांना सांगायचं. सगळं. मग चहा मिळेल.

मी येणार की नाही ते तेव्हा ठरवीन.

कमूताई

(पंढरीमामा, मी हर्षदा. पत्र लिहून झाल्यावर आईंनी टोपली खाली काढून ठेवली आहे. तिचा एक काठ सुटलाय, तो विणतायत. हे मी त्यांना न विचारता लिहिलं.)


साखरशेत
९ एप्रिल २०२५

कमूताई,

पत्र नको म्हणालीस, तरी हे एक लिहितो, कारण प्रमिलाचा निरोप आहे, आणि तो तिच्याच शब्दांत लिहायचा अशी अट आहे. आमच्या झाडाची फुलं अजून आठवडाभर गळतील. ती म्हणते, ताईला सांगा, नवऱ्याच्या सांगण्यावरून बोलावत नाही, मी बोलावते. माझ्या टोपलीतलं काही द्यायचं नाही. तिने तिची टोपली आणावी, मी माझी घेईन, झाडाखाली जागा पुष्कळ आहे. वर मला म्हणते, तुम्हीही वेचायला यायचं. आणि फुलं लहानमोठी निवडत बसायचं नाही.

काल पहाटे गेलो होतो तिच्याबरोबर. लहानमोठी निवडली. बोलणी खाल्ली.

परवा शुक्रवारी सकाळच्या जीपने निघतो. दाभोशाच्या रस्त्यावर उतरून चालत येतो. काय सांगायचं ते मनाशी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा मधेच कुठेतरी माझी बाजू घेतल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा म्हणत नाही. तुझ्या दारात येईल तसं सांगीन.

एकटा येणार नाही. काल स्टँडवर लाडक्या भेटला. त्या दिवसापासून पहिल्यांदा बोलला. शुक्रवारी मी पण येतो म्हणाला. कशाला म्हणून विचारलं, तर बिडी पेटवली, धूर सोडला आणि म्हणाला, तू तिथे काय सांगतोस ते ऐकायला.

दार उघडं ठेव, एवढंच मागतो.

पंढरी